चांगुणाबाईंच्या दंडावरची पिवळी बोटं

१

सिद्धेश्वर धरणाजवळच्या वस्तीवरून चांगुणाबाईंना रुग्णवाहिकेतून आणलं, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर इतकी खाली गेली होती की अपघात विभागातल्या डॉक्टरानं आधी यंत्रालाच दोष दिला. यंत्र बदललं. दुसऱ्या यंत्रानंही तेच सांगितलं. मग मात्र धावपळ उडाली, शिरेतून ग्लुकोज गेलं आणि म्हातारीचा जीव वाचला. शुद्ध अजून येऊन-जाऊन होती, बोलणं तर नव्हतंच.

इथवर सगळं ठीक होतं. पण सलाईन लावताना सिस्टरनं चोळीची बाही वर सारली आणि उजव्या दंडावर इंजेक्शनची ताजी खूण दिसली. मग काय विचारता! दिवेलागणीपर्यंत पूर्णामाई वैद्यकीय महाविद्यालयात कॅन्टीनवाल्यापासून वॉचमनपर्यंत प्रत्येकाला गुन्हेगार कोण ते ठाऊक झालं होतं.

गुन्हेगार म्हणजे वैष्णवी. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी, कनेरगाव नाक्याकडच्या शेळ्या राखणाऱ्या घरातली पोरगी. कॉलेजच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं दत्तक दिलेली असतात. त्यांच्या घरी जायचं, रक्तदाब मोजायचा, बोटाला टोचून साखर बघायची, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. औषध द्यायचं नाही, इंजेक्शन तर बिलकूल नाही. चांगुणाबाईंचं घर वैष्णवीकडं होतं, आणि त्यांच्या नवऱ्यानं, मसाजींनी, तिला हातात सुई घेऊन म्हातारीवर वाकलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"इन्सुलिन टोचलंय तिनं," उपअधिष्ठाता डॉ. रामकिशन म्हणाले. "सध्या तिची ड्युटी मेडिसीन वॉर्डात आहे. तिथल्या फ्रीजमध्ये इन्सुलिन असतं. डॉक्टर व्हायची घाई झाली, दुसरं काय! उद्या संध्याकाळी समिती बसेल आणि तिचं निलंबन होईल. वर्ष तर जाईलच, म्हातारीचं बरंवाईट झालं तर पोरगी जेलात जाईल."

समोर डॉ. शिला पाईकराव बसल्या होत्या. गावोगावच्या आरोग्याचं शिकवणारा पीएसएम विभाग त्यांच्या ताब्यात होता. आवाज असा, की मागच्या बाकावर झोपलेला पोरगा दचकून उभा राहायचा. परीक्षेच्या कामासाठी त्या दिवसभर नांदेडला होत्या, आणि आल्या आल्या हे कानावर पडलं होतं.

"सर, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची एवढी काय घाई आहे?" त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. खरं काय ते मी आणून समोर ठेवते."

"आणि नाही आणलं तर?"

"तर निलंबनावर पहिली सही माझी. पण तशी वेळ यायची नाही."

तिथून त्या तडक वॉर्डात गेल्या. चांगुणाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. शिलामॅडमनी चष्मा पुसला आणि दंडावरची खूण नीट पाहिली. सुईच्या ठिपक्याच्या खाली, कोपराच्या अंगाला, चार पिवळे डाग होते. कुणीतरी दंड गच्च धरल्यावर बोटं उमटावीत तसे.

"हे काय गं, सिस्टर?"

"पुसून पाह्यलं मॅडम. स्पिरिटनंबी जाऊन नाही राहिलं."

शिलामॅडम स्वतःशीच हसल्या. हिंगोलीत जन्म काढलेल्या बाईला तो रंग कळायला प्रयोगशाळा लागत नाही. ती ओली हळद होती.

२

वैष्णवी विभागाच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले. तिला वॉर्डात पाऊल टाकायला बंदी केली होती, तेच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं.

"हात दाखव," शिलामॅडम म्हणाल्या.

तिनं घाबरत घाबरत दोन्ही तळवे पुढं केले. स्वच्छ होते. नखांतही पिवळं काही नव्हतं.

"हं. आता रडायचं बंद कर आणि सुरुवातीपासून सांग. एक जरी गोष्ट लपवलीस तर मीच तुला बाहेर काढीन."

"लपवायला काय हाय मॅडम? मी सकाळीच येते म्हणून सांगून ठेवलं व्हतं. पण कॉलेजची बसच उशिरा निघाली. वैद्यकीय आयोगाचं तपासणीचं पथक येणार म्हणून आवई उठली. सगळ्यांनी आधी चेहऱ्याची हजेरी लावायची, त्याशिवाय कुणीच गेटबाहेर जायचं न्हाई, अशी ऑर्डर निघाली. यंत्र एक, पोरं एवढाली. त्यात नेट बंद पडलं. पथक काही आलं न्हाई. आमी वस्तीवर पोचलो तवा जेवणवेळ कवाच टळून गेली व्हती."

"घरी कळवायचं ना फोन करून."

"लावला की. वस्तीवर रेंजच नसती."

"बरं. पोचल्यावर काय पाहिलंस?"

"आजी पडवीत घोंगडीवर पडलेल्या. मी समजले झोपल्या. हाक मारली, हलवलं, उठेचनात. अंग घामानं चिंब. मी बोटाला टोचून साखर बघितली तर यंत्रावर आकडाच येईना, नुसतं 'लो'. तेवढ्यात मसाजीबाबा मेंढरं घेऊन आले आणि माझ्या हातातली सुई बघून वरडायला लागले. मी आजींना कुशीवर वळवलं, बाबांना त्यांच्यापाशी बसवलं, पळत रस्त्यावर गेले आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. देवाशपथ मॅडम, दंडाला मी हात लावला न्हाई. माझ्या पिशवीत इंजेक्शनची सुईच नसती."

हे खरं होतं. पिशव्या शिलामॅडमच भरून देत.

"त्यांची नेहमीची मधुमेहाची गोळी?"

"ती घेतली व्हती. मागच्या खेपेला त्यांनी ती चुकवली, मी लई रागावले. म्हणलं, पुढच्या बारीला मी यायच्या आत गोळी घेतलेली दिसली पाहिजे. मला दाखवायला म्हणून फोडलेली पट्टी उशाशीच ठेवली व्हती त्यांनी." तिनं डोळे पुसले. "मला लेक म्हणतात त्या. त्यांना पोरगी न्हाई ना."

शिलामॅडमनी अपघात विभागाचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं: रुग्ण जेवलेला, रोजची एक गोळी घेतलेली, ती दोन वर्षांपासून चालू, कधीच त्रास नाही. म्हणजे गोळीवर संशय घ्यायला जागाच नव्हती. राहिली ती दंडावरची सुई. आणि ती देताना म्हातारीचा दंड हळदीच्या हातांनी कुणीतरी धरून ठेवला होता.

"सकाळी लवकर तयार राहा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "सिद्धेश्वरला जायचंय."

३

वस्तीवर मसाजींचं घर कुलूपबंद होतं. काल सगळी दवाखान्याकडं धावली ती धावलीच. मसाजी पहाटे मेंढरांना पाणी दाखवायला परत आले होते, सून परतली ती थेट शेतात गेली होती. उंच, वाळकं शरीर, खांद्यावर घोंगडी. शिलामॅडमना बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"तुमच्या पोरीनं माझ्या घराचं वाटुळं केलं," ते म्हणाले. "आमी तिला घरात घेतलं, आन तिनं म्हातारीवर सुया चालवून पाह्यल्या. गरिबाचं अंग काय शिकायला ठेवलंय व्हय?"

हा प्रश्न शिलामॅडमना झोंबला. पण त्या बाईंनी आजवर असले शंभर राग अंगावर घेतले होते. त्या ओट्यावर बसल्या.

"बाबा, तिनं केलं असंल तर मी तिला सोडणार नाही. पण केलं नसंल तर? मला एवढंच सांगा, आजी जेवल्या होत्या असं दवाखान्यात कुणी सांगितलं?"

"मीच. म्हणलं जेवली असंल. रोज येळेवर जेवती."

"असंल म्हणजे? तुम्ही पाहिलं?"

"मी कसा पाहीन? मी दिवस उगायच्या आंधी भाकर बांधून मेंढरं घेऊन गेलो. सून हळद काढायला शेतात गेली. म्हातारीचे गुडघे धरलेले, ती घरीच."

"दार उघडता का जरा?"

आत चूल गार पडली होती. पण घरात पुरणाचा वास कोंडला होता. चुलीजवळ दुरडी होती, वर ओलं फडकं घालून ठेवलेलं, ते आता सुकलेलं. शिलामॅडमनी फडकं उचललं. आत पुरणपोळ्यांची चवड. शेजारी कटाच्या आमटीचं पातेलं काठोकाठ भरलेलं, पळी कोरडी. भिंतीशी दोन पाट मांडलेले, त्यांच्यापुढं दोन ताटं, दोन्ही घासून लख्ख.

"सण होता का काही?"

"न्हाई बा," मसाजी गोंधळून म्हणाले. "हे कवा केलं हिनं?"

शिलामॅडम त्या पाटांकडं बराच वेळ बघत राहिल्या. मनात काहीतरी हललं, पण हाताला लागेना. आधी सुईचा निकाल लावायचा असं ठरवून त्या शेताकडं निघाल्या.

शेतात बायका उकरलेल्या हळदीचे गड्डे मोडून ढीग लावत होत्या. सून पुनम एका बाजूला मान खाली घालून काम करत होती. सासू दवाखान्यात आणि सून शेतात, म्हणून बाया कुजबुजत होत्या. तिला कामाची नव्हे, तोंड चुकवायची गरज होती, हे शिलामॅडमनी लांबूनच ओळखलं.

"काल दिवसभर तू इथंच होतीस?"

"व्हय. सकाळपासून सांजेपर्यंत. घराकडं गेलेच न्हाई."

"हात बघू."

मनगटापर्यंत पिवळेधमक हात. पुनमनं ते चटकन पदरात घेतले.

"पुनम, बाई, तुझी बोटं सासूच्या दंडावर उमटलीत. चारच्या चार. तू घराकडं गेली नाहीस तर ती काय उडत गेली?"

पुनम मटकन खाली बसली. बाकीच्या बाया जागच्या जागी थांबल्या.

"मी मारलं न्हाई त्यांना," ती रडत म्हणाली. "दुपारी पाणी न्यायला गेले, तर त्या घामानं भिजलेल्या, हात थरथर करून राहिलेले, कायबाय बरळून राहिल्या. मी घाबरले. तेवढ्यात रस्त्यानं सोमेश्वर डागदर फटफटीवर चालले व्हते. त्यांना हात केला. त्यांनी सुई दिली. मी दंड धरला."

"मग काहून सांगितलं नाहीस?"

"वैष्णवीनं माझ्याकडून शपथ घेतली व्हती, सोमेश्वरला घरात घ्यायचं न्हाई म्हणून. अन सुईनंतर आत्या निपचित पडल्या. मला वाटलं झोप लागली. मी त्यांना तशाच टाकून शेतात आले, ताई. माझ्या मालकाला कळलं तर मला दारात उभं करायचे न्हाईत."

तर मग सापडलं! ड्रायव्हरनं तर गाडी चालूही करून ठेवली. पण शिलामॅडम मात्र कपाळाला आठी घालून उभ्या राहिल्या. पुनमच्या बोलण्यातलं एक वाक्य त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

४

सोमेश्वरचा 'दवाखाना' म्हणजे औंढ्याच्या रस्त्यावर पत्र्याची खोली, एक बाकडं आणि भिंतीवर देवाचा फोटो. पाटीवर नावाआधी डॉक्टर होतं, नावामागं काही नव्हतं. शिलामॅडमना पाहताच तो मागच्या दारानं सटकायला लागला, पण तिकडं ड्रायव्हर उभा होता.

"बस. पळालास तर लोक म्हणतील तूच मारायला निघाला होतास."

"मॅडम, मी कायी केलं न्हाई! बराबर सांगतो. ताकदीची सुई दिली, लाल औषधाची. ही बघा ना, कालचीच रिकामी बाटली." त्यानं खोक्यातून काचेची फोडलेली बारकी बाटली काढली. साधं जीवनसत्त्वाचं औषध. त्यानं साखर तीळभरही हलत नाही.

"इन्सुलिन ठेवतोस?"

"त्याला फ्रीज लागतो, मॅडम. माझ्याकडं पंखाबी न्हाई!"

खोलीत खरंच पंखा नव्हता. शिलामॅडमना एरवी हसू आलं असतं.

"तू गेलास तेव्हा म्हातारी कशी होती?"

"घामाघूम. जीभ जड. हातपाय कापून राहिलेले. मी म्हणलं अशक्तपणा हाय."

"सुई द्यायच्या आधी?"

"आंधीच की! त्यापायी तर बलावलं ना."

तेच ते वाक्य. पुनमही तेच म्हणाली होती. घाम, थरथर, बरळणं ही साखर कोसळल्याची खूण. ती सुईच्या आधीच दिसत होती. सासू आजारी पडली म्हणून सुई आली, सुई आली म्हणून सासू आजारी पडली नव्हती. आणि वैष्णवी तर त्याच्याही नंतर पोचली. म्हणजे कालपासून सगळं कॉलेज ज्या सुईच्या मागं धावत होतं, तिचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

"तुझं नाव तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडं जाणार, त्याची तयारी ठेव," असं सांगून त्या बाहेर आल्या.

गाडी परतीला लागली. मग साखर उतरवली कुणी? सुनेनं नाही, सोमेश्वरनं नाही, वैष्णवीनं नाही. राहिली ती रोजची गोळी. पण रोजचीच गोळी, रोज काही होत नाही, मग कालच काहून झालं? काल वेगळं काय होतं?

वेगळं होतं ते पुरण. सणवार नसताना गुडघे धरून बसलेल्या बाईनं चुलीपुढं बसून केलेलं. दोन पाट. दोन कोरी ताटं. एक तिचं स्वतःचं, आणि दुसरं?

"थांबव गाडी!" शिलामॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की ड्रायव्हरनं घाबरून गाडी बाभळीत घातली. "अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा! वळव मागं. मसाजींना आणि पुनमला सोबत घ्यायचंय."

५

समिती बसली. मध्ये डॉ. रामकिशन, आजूबाजूला दोन प्राध्यापक. एका कोपऱ्यात वैष्णवी उभी होती, दुसऱ्या कोपऱ्यात मसाजी आणि पुनम. शिलामॅडमनी सुईची गोष्ट आधी निकालात काढली. पुनमनं कबुली दिली, बाटली टेबलावर आली. डॉ. रामकिशन यांच्या भुवया वर गेल्या.

"मग इन्सुलिन कुणी दिलं?"

"कुणीच नाही. मसाजीबाबा, एक विचारते. तुमच्याकडं लेक माहेरी यायची असली, तर तिच्याआधी माय जेवते?"

मसाजींनी मॅडमकडं असं पाहिलं, जणू बाईला एवढंही कळत नाही. "माय कशी जेवंल? लेक वाटंत उपाशी असती. ती आली, तिला वाढलं, की मंग माय घास घेती. आमच्यात तशी रीतच हाय."

"आणि चांगुणाबाई वैष्णवीला काय म्हणतात?"

"लेक," मसाजी म्हणाले.

"आता ऐका," शिलामॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा वर्गातला आवाज लागला. "वैष्णवीनं सांगितलं होतं, मी यायच्या आत गोळी घ्या. म्हातारीनं डॉक्टर लेकीचा शब्द मोडला नाही. सकाळीच गोळी घेतली. आणि रीतही मोडली नाही. पुरण घातलं, पाट मांडले आणि उपाशी वाट बघत बसली. गोळीचं कामच साखर खाली ओढायचं. पोटात अन्न असलं तर ठीक. नसलं की ती माणसालाच खाली ओढते. सकाळी बस गेली असती तर दोघी पोळी खाऊन हसत बसल्या असत्या. पण बस गेली नाही. सकाळ गेली, दुपार टळली. म्हातारी चुलीपुढून उठली ती थरथरतच. आता सर, मला एकच सांगा. बस कुणी थांबवली?"

डॉ. रामकिशन यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हजेरीशिवाय गेटबाहेर कुणी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी ऑर्डर होती."

"नियम मुलांना गावात पाठवा म्हणून आहे. आपण हजेरीसाठी गावालाच ताटकळत ठेवलं. मुलं कुठं आहेत ते यंत्राला कळलं, ज्या म्हातारीला कळायला हवं होतं तिला कुणी कळवलं नाही."

"मॅडम," कोपऱ्यातून वैष्णवी बोलली. "गोळीचं मीच म्हणले व्हते. जेवून घ्या, असं न्हाई म्हणले. तेबी लिहा."

शिलामॅडमना त्या पोरीचा अभिमान वाटला. सुटकेचं दार उघडं असताना ती स्वतःहून आपली चूक सांगत होती.

"लिहिणारच आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक तुकडीला सांगणार आहे, गोळी विचारायच्या आधी जेवण विचारा."

डॉ. रामकिशन यांनी निलंबनाचा कागद उलटा करून ठेवला. "वैष्णवीवर कारवाई नाही," ते म्हणाले. "गावाच्या दिवशी बस ठरल्या वेळी निघेल. हजेरी परत आल्यावर. नवी ऑर्डर मी काढतो, आणि जुनी बदलायची वेळ का आली तेही तिच्यात लिहितो." मग ते मसाजींकडं वळले. हात जोडायची त्यांना सवय नव्हती, ते अवघडल्यासारखे जोडले गेले. "बाबा, चूक आमची झाली."

मसाजींनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते चालत वैष्णवीपुढं येऊन उभे राहिले.

"पोरी, मी तुला नको नको ते बोललो," ते म्हणाले. "म्हातारी डोळे उघडले की दाराकडं बघून राहिली. आमाला वाटलं घरी जायचं म्हणती. ती तुला हुडकून राहिली व्हती. चल."

वैष्णवीनं उपअधिष्ठात्यांकडं पाहिलं. वॉर्डाची बंदी अजून कुणी उठवली नव्हती.

"जा की!" डॉ. रामकिशन म्हणाले. "उभी काय राहिलीस?"

ती धावतच सुटली. शिलामॅडम मागोमाग पोचल्या तेव्हा वैष्णवी खाटेजवळ उभी होती आणि चांगुणाबाईंचे डोळे उघडे होते. म्हातारीनं तिला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग सलाईन नसलेला हात उचलून तिनं वैष्णवीचं मनगट धरलं, आणि कालपासून पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द आले.

"आलीस व्हय? लई उशीर केलास गं."

वैष्णवी खाटेच्या कडेला बसली, म्हातारीच्या उशीत तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडली. शिलामॅडमनी सिस्टरला खुणेनं बाहेर बोलावलं आणि दार लोटून घेतलं.